धर्मशाळेत चूल पेटवायची नाही

हिंदुराव सुभेदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सर्व्हरसमोर अनवाणी उभे राहून फायलींची हजेरी घेत होते.

यात माझ्या पदरचं काही नाही. सकाळचे अकरा, शनिवार. इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्याची सर्व्हर खोली. साठी उलटलेला, ताठ कण्याचा, पांढऱ्या मिशांचा माणूस स्क्रीनकडं बोट करून दरडावत होता.

"कोन रं तू? काटा ऑफिसचा व्हय? कवा आलास? परवा. बरं, ऱ्हा उद्यापातूर." मग बोट खालच्या ओळीवर. "आन तू? पाच दिस झालं? पाच? परवानगी कुनाची?" एका बोटानं खट्टकन बटण दाबलं, आणि ती फाईल जगातून उठली.

माझ्या खांद्यावरची लॅपटॉपची पिशवी घसरून कोपरात आली. मी साताऱ्याची. तिथल्या एका छोट्या कंपनीत नोकरीला. साताऱ्यात विक्षिप्त माणसं कमी नाहीत, माझ्या माहेरच्या गल्लीत तीन आहेत, पण कॉम्प्युटरला "सावधान!" म्हणणारा माणूस मी त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता.

"चपला," सुभेदार मागं न बघताच म्हणाले.

"काय?"

"चपला भाईर. आन वहीत सही."

मी चपला काढल्या, सही केली. आई म्हणते, माझं तोंड आणि माझा राग यांच्यामध्ये दार नाही, नुसता पडदा आहे. पण त्या दिवशी मी इतकी हबकले होते की शाळेतल्या मुलीसारखी मुकाट्यानं नाव, गाव, काम सगळं लिहून दिलं.

काम असं होतं. आपल्या उसाला तोडणीची टोळी कधी येणार, याला इकडं 'तोड' म्हणतात. हंगाम सुरू झाला की "तोड कवा?" हा एकच प्रश्न शेतकरी कारखान्यात, चहाच्या टपरीवर, लग्नात, मयतीत, सगळीकडं विचारत असतो. आजवर तोडीची यादी कागदावर असे, आणि ज्याचा वशिला त्याचा ऊस आधी. कारखान्यानं ठरवलं की यंदा यादी सगळ्यांसाठी उघडी करायची. शेतकऱ्यानं आपलं नाव कसंही टाकावं, काना-मात्रा चुकली तरी चालेल, त्याचा नंबर समोर आला पाहिजे. तो शोधणारा प्रोग्राम आमच्या कंपनीनं बसवायचा होता. पुढच्या रविवारी मोळी टाकायची होती, म्हणजे पहिली उसाची मोळी पूजा करून गव्हाणीत सोडायची, की हंगाम सुरू. त्याच्या आत प्रोग्राम चालला नाही तर कागदाची यादी पुन्हा बाहेर येणार होती. एकटीनं करायचं माझं हे पहिलंच काम.

आणि माझ्या वाटेत उभे होते हिंदुराव सुभेदार.

सुभेदार पाटणकडचे. अठ्ठावीस वर्षं फौजेत, बिनतारी संदेशाच्या पलटणीत. तोफांच्या शेजारी राहून एक कान गेलेला. निवृत्त झाल्यावर कारखान्यात सुरक्षारक्षक म्हणून लागले. एकदा कॉम्प्युटरवाला नोकरी सोडून गेला आणि दुसरा मिळेना, तेव्हा गेटवरचे सुभेदार म्हणाले, "मशीन मला ठावं हाय." सगळे हसले. आज अकरा वर्षं झाली, हसणारे सगळे बदलून गेले, सुभेदार तिथंच आहेत. प्रत्येक आज्ञा आधी वहीत पेन्सिलनं लिहायची, दोनदा वाचायची, मग दोन बोटांनी टाईप करायची. पासवर्ड टाकताना हातांवर पंचा टाकायचा. मी खोलीत एकटी असले तरी टाकायचा. मी दाराबाहेर असले तरीसुद्धा.

त्यांच्या कमरेला करदोड्यात दोन किल्ल्या असायच्या. एक मोठी, सर्व्हर खोलीची. ती त्यांनी अकरा वर्षांत कुणाच्या हातात दिलेली नाही. दुसरी लहान, पितळेची. ती कशाची, हे मी विचारलं तर म्हणाले, "तुमच्या कामाची न्हाई."

आणि दुसऱ्याच दिवशी मी जे पाहिलं ते अजून मला खरं वाटत नाही. कारखान्याचे कार्यकारी संचालक, ज्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात, ते दोन पाहुण्यांना घेऊन सर्व्हर दाखवायला आले. सुभेदार दारात आडवे.

"परवानगी कुनाची?"

"अहो सुभेदार, मी आहे."

"व्हय की. वळकलं. परवानगी कुनाची?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. मग साहेबांनी खिशातून पेन काढलं, वहीत स्वतःच स्वतःला परवानगी दिली, खाली सही केली, बूट काढले, आणि मोज्यांवर आत आले. पाहुण्यांपैकी एकाच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. सुभेदारांनी तेही नीट निरखलं. मी मात्र श्वास धरून उभी होते, आता या म्हाताऱ्याची नोकरी जाते की काय म्हणून. तसं काही झालं नाही. साहेब जाताना म्हणाले, "शिस्त आहे हो तुमची," आणि बूट घालून निघून गेले.

आता मूळ भांडणाकडं येते.

प्रत्येक सर्व्हरमध्ये एक तात्पुरती जागा असते. चालू प्रोग्राम आपलं किरकोळ सामान तिथं ठेवतात आणि काम झालं की विसरतात. आम्ही सगळे तिला टेम्प म्हणतो आणि अडगळीच्या खोलीइतकीच किंमत देतो. सुभेदार तिला धर्मशाळा म्हणत. ट्रॉल्यांच्या मागं नावं रंगवणाऱ्या पेंटरकडून त्यांनी एक पत्र्याची पाटी करून घेतली होती, ती सर्व्हरच्या डोक्यावर टांगलेली. तांबड्या अक्षरांत:

'धर्मशाळा. कोणीही उतरावे. तीन दिवसांच्या वर राहू नये. चूल पेटवू नये. हुकमावरून.'

मुक्कामाच्या ओळी मला कळल्या. शनिवारची हजेरी त्याचीच होती. चुलीची ओळ वाचून मी हसले. ते हसू सोमवारी माझ्या घशात अडकलं.

सोमवारी मी प्रोग्राम बसवला आणि चालू केला. तो उठला, दोन पावलं टाकली, आणि आडवा झाला. 'परवानगी नाही' एवढंच म्हणाला. आमच्या या प्रोग्रामची एक खोड आहे. सुरू होताना तो आपल्या गाठोड्यातून एक छोटा तुकडा काढतो, त्या मशीनच्या अगदी मायबोलीत लिहिलेला, तो तात्पुरत्या जागेत सोडवून ठेवतो आणि तिथूनच चालवतो. तो तुकडा चालला नाही की बाकी सगळं जागच्या जागी बसतं.

परवानगी नाही? बरं. मी त्या फाईलला होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या परवानग्या दिल्या. वाच, लिही, चाल, नाच, काय हवं ते कर. पुन्हा 'परवानगी नाही'. मी सुभेदारांना पंचा टाकायला लावून मोठ्या मालकाच्या अधिकारात तो चालवून बघितला, ज्याला मशीन कधी नाही म्हणत नाही. त्यालाही नाही म्हणालं! माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. मग मी डोकं लढवलं आणि टेम्पच्या आतच एक नवंकोरं फोल्डर करून त्यात प्रोग्रामला बसवलं. 'परवानगी नाही.'

मागून खुसखुस ऐकू आली. सुभेदार हसत होते. मिशा हलत होत्या.

"इंजिनेर बाई, धर्मशाळंतली खोली बदलली म्हनून कायदा बदलतुया व्हय?"

"म्हणजे?"

त्यांनी पाटीवरच्या चुलीच्या ओळीवर बोट ठेवलं. मग मला उलगडलं. या माणसानं ती अख्खी जागाच अशी जोडली होती की तिथं सामान ठेवा, वाचा, हलवा, पण तिथून काहीही उठून चालायला लागलं की मशीन त्याचा हात धरणार. फाईलला कितीही परवानग्या द्या, मालक कोणीही असो. चूल म्हणजे चूल.

"अहो, पण हे काय भलतंच!" पडदा फाटला होता. "सगळं जग टेम्पमधून चालवतं!"

"जगाला चोर न्हाई भेटला."

त्यांना भेटला होता. काही वर्षांपूर्वी कुणीतरी उसाच्या गाड्या तोलायच्या काट्यावरच्या मशीनला गाण्यांचा पेन ड्राइव्ह लावला. त्यातून एक भामटा प्रोग्राम आत आला, टेम्पमध्ये गुपचूप उतरला आणि तिथूनच उठून त्यानं सगळे काटे बंद पाडले. भर हंगामात. उसाच्या गाड्या हमरस्त्यापर्यंत उभ्या, बैल उन्हात, माणसं शिव्या देतायत. "भुरटा चोर हमेशा धर्मशाळंतच उतरतोय," सुभेदार म्हणाले. "दार उघडं आसतंय, कोन इचारत न्हाई. म्हनून ऱ्हावा, खावा बांधून आनल्यालं, निजा. पर चूल न्हाई."

खरं सांगते, माणूस बरोबर बोलत होता. हेच मला जास्त झोंबलं.

मंगळवार, बुधवार आमचं भांडण चाललं. मी म्हणायची, तो नियम आठ दिवस काढा. ते म्हणायचे, परवानगी कुनाची. मी शेवटी साहेबांना घेऊन आले. साहेब वहीत सही करून, बूट काढून आत आले आणि म्हणाले, "सुभेदार, हंगामापुरता काढा तो नियम."

सुभेदारांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. "जी साब. लेखी द्या."

"लेखी?"

"काटे बंद पडलं तर हुकूम कुनाचा, ह्ये फायलीला लागंल."

साहेबांना त्या गाड्यांची रांग आठवली असावी. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही दोघं मिळून काहीतरी मार्ग काढा," आणि बुटांत पाय घालून गेले. मी कपाळावर हात मारला.

या सगळ्यात रोज दुपारी एक गोष्ट व्हायची, ती सांगायची राहिली. साडेबाराला कँटीनचा डबा यायचा. सुभेदार खोलीबाहेरच्या बाकावर बसून तो खायचे आणि प्रत्येक घासाला तोंड वाकडं करायचे. त्यांचं घर कारखान्याच्या वसाहतीत, पाच मिनिटांवर. पण घरी जेवताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. बरोबर एक वाजता फोन वाजायचा. कानामुळं फोन कायम स्पीकरवर, त्यामुळं सगळा व्हरांडा ऐकायचा.

"आबा, जेवला का?"

"जेवलो."

"काय हुतं?"

"वांगं."

"मीठ?"

"जादा."

ही त्यांची लेक, आक्का. सांगलीला माधवनगरात एकटी भाड्याच्या खोलीत राहायची, वीस-पंचवीस माणसांचे डबे करायची. नवऱ्यानं सोडलेली. रोजचा फोन एवढाच, वांगं आणि मीठ. बुधवारी मात्र तो लांबला.

"आबा, मालकानं खोली सोडाया सांगितलीया. शनवारपातूर."

"मग ये की हिकडं. घर हाय."

"डबं कुठं करू?"

"ऱ्हा की चार दिस. कँटीनला दोगांचा डबा सांगतो."

"मला कँटीनचा डबा नगं, आबा." आवाज घट्ट झाला. "हंगामात कारखान्यावर डबं लागत्यात, मी इचारून ठिवलंय. माज्या हातात काम हाय. मला सैपाकघर पायजे. किल्ली देता का?"

सुभेदारांनी वांग्याची फोड डब्याच्या एका कडेला सारली. मग दुसऱ्या कडेला.

"चार दिस ऱ्हा की," ते पुन्हा म्हणाले.

"पाहुनी म्हनून मी एकदा ऱ्हाऊन गेले," आक्का म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. माझा हात पोळीसकट अर्ध्यात थांबला. स्वतःच्या लेकीला कुणी असं म्हणतं? नवऱ्यानं टाकलेल्या, खोली सुटत चाललेल्या लेकीला? घर आहे म्हणे, आणि स्वयंपाकघराला कुलूप! ती पितळेची किल्ली कशाची ते मला त्या क्षणी कळलं, आणि या माणसाचा मला असा संताप आला की संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी विश्रामगृहात उतरले होते. तिथं शेवंतामावशी स्वयंपाकाला. जेवताना मी त्यांच्यापुढं सुभेदारांचा उद्धार सुरू केला. मावशींनी पळीनं मला आमटी वाढली आणि म्हणाल्या, "आवं बाई, तुमास्नी ठावं न्हाई. त्यांची मालकीन गेली ती चुलीम्होरंच."

"म्हणजे?"

"सा वर्सं झाली. हंगाम चालू. सुभेदार रोज बाराला जेवाया जायाचं. त्या दिशी मशीन बंद पडल्यालं, म्हनून गेलं न्हाईत. सांगावा धाडला, उशीर हुईल. आन हितं तिला भाकरी थापता थापता काय झालं द्येवाला म्हाईत, तितंच पडली. करपल्याचा वास आला म्हनून शेजारनी धावल्या. तव्यावर भाकरीचा पार कोळसा." मावशी पळी धरून तशाच उभ्या राहिल्या. "मशीन चालू करून सुभेदार घरी आलं तवा सगळं झाल्यालं. त्या दिसापासनं सैपाकघराला कुलूप. तवा बी तसाच हाय म्हनं आत."

दिवसभर मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते सगळं माझ्याच ताटात येऊन पडलं.

मला लाज वाटली म्हणून मी दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखी वागले असेन, असं तुम्हाला वाटत असेल. तसं झालं नाही. तो आमच्या घराण्याचा गुणच नाही.

गुरुवारी सकाळी मी मात्र एक मार्ग शोधून आणला होता. धर्मशाळेला हातच लावायचा नाही. तिचा नियम तिला असू दे. तिच्या बाहेर, दुसऱ्या जागी, एक वेगळं फोल्डर करायचं. तात्पुरत्याच सामानाचं, पण तिथून चालायची मुभा असलेलं. आणि प्रोग्रामला सुरू होतानाच सांगायचं, बाबा, तू धर्मशाळेत जाऊ नकोस, तुझी जागा ही.

सुभेदारांनी ते वहीत लिहून घेतलं. दोनदा वाचलं. "मंजी ह्यो तुकडा तात्पुरताच हितं येनार?"

"हो."

"काम झालं की जानार?"

"कधी जाईल, कधी पुन्हा येईल."

"पर आला की चूल त्याची."

"हो."

"मंजी पाहुना, आन चुलीवर हक्क बी. आसं कुठं आसतंय?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. मी अडवायच्या आतच गेलं. "असतं की सुभेदार. माहेरात असतं. लेक चार दिवसांची असली तरी चूल पेटवायला तिला कुणाला विचारावं लागत नाही. तुमच्या घरी लागतं, तो भाग वेगळा."

मी काय बोलून बसले! कोण कुठली मी, पाच दिवसांची ओळख, आणि त्या माणसाच्या कुलपावर हात घातला.

सुभेदारांचा चेहरा आधी लाल झाला, मग नुसता म्हातारा दिसला.

"भाईर," ते म्हणाले.

मी चपला हातात घेऊनच बाहेर पळाले. समोरच्या लिंबाखाली बसले. बॉयलर आठ दिवसांपूर्वीच पेटवला होता, धुराड्यातून धूर निघत होता. आता काम गेलंच. कंपनीला काय सांगू? साहेबांना काय सांगू? पण खरं तर मला त्यातलं काहीच सलत नव्हतं. त्या करपलेल्या भाकरीविषयी ठाऊक असून मी ते बोलले, हेच सलत होतं. साडेबाराला डबा आला, तो बाकावर तसाच राहिला. एक वाजला. फोन वाजला नाही.

दोनच्या सुमारास दार उघडलं.

"इंजिनेर बाई. या."

वहीचं अख्खं पान भरलं होतं. पेन्सिलीनं, खोडून, पुन्हा लिहून. सुभेदार माझ्याकडं न बघता वाचू लागले. "जागा धर्मशाळंच्या भाईर. चालायची मुभा. येक इचारतो. फोल्डर मी केलं मंजी मालक मी. नुसती मुभा दिली, मालकी माज्याकडंच ठिवली, तर चालंल का?"

"नाही," मी हळूच म्हणाले. "प्रोग्रामला तिथं लिहायचं, काढायचं, चालवायचं असतं. फोल्डर त्याच्याच नावावर करावं लागतं. दुसऱ्या कुणाला आत हात घालता येता कामा नये."

"मला बी न्हाई?"

"नियमानं तुम्हालाही नाही."

त्यांनी पेन्सिल उचलली आणि वहीत लिहिलं, 'मालकी तिची.' 'त्याची' लिहायला हवं होतं.

मग हातांवर पंचा टाकायचं ते विसरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा विसरले, आणि मी भिंतीकडं तोंड केलं. दोन बोटांनी त्यांनी फोल्डर केलं, मालकी दिली, बाकीच्यांना दार बंद केलं. प्रोग्रामला नवा पत्ता दिला. फोल्डरचं नाव मी स्क्रीनवर वाचलं. 'आक्का'.

"शनवारच्या हजेरीत हिचं नाव घ्यायचं न्हाई," ते म्हणाले. स्वतःलाच म्हणाले.

प्रोग्राम चालू केला. उठला. दोन पावलं टाकली. मी ओठ चावत होते. तिसरं पाऊल टाकलं, चौथं, आणि चालायलाच लागला! सुभेदारांनी आपलंच नाव मुद्दाम चुकीचं लिहून बघितलं. पाटणकडची त्यांची जमीन कारखान्याच्या हद्दीत नव्हती, त्यामुळं आले दुसरेच चौघे हिंदुराव, तोडीच्या नंबरासकट. मी आनंदानं ओरडले. सुभेदार नुसतं म्हणाले, "हुबं ऱ्हायलं." आणि एका कोऱ्या कागदावर अर्ज लिहायला बसले. उद्या दिवसभर रजा मिळावी, कारण घरगुती. साहेबांनी तो अर्ज तीनदा वाचला म्हणे. सुभेदारांनी रजा मागितली, ही बातमी कारखानाभर फिरली.

शुक्रवारी ते आले नाहीत. शनिवारी अकराला येऊन हजेरी घेऊन लगेच घरी गेले. मला विचारायचा धीर झाला नाही.

रविवारी मोळी. गव्हाणीपाशी मांडव, सनई, हार, नारळ, साहेब फेट्यात. भोंगा झाला की मोळी पडणार आणि त्याच वेळी कारखान्याच्या शेती खात्याबाहेरच्या पडद्यावर तोडीची यादी उघडणार. शेतकरी सकाळपासून पडद्यासमोर बसलेले. आणि सर्व्हर खोलीला कुलूप! पडदा चालू करायचा तर आत जायला हवं, आणि किल्ली सुभेदारांच्या कमरेला, आणि सुभेदारांचा पत्ता नाही.

"असं कसं झालं?" साहेबांचा फेटा हलायला लागला. "अहो, जा कुणीतरी!"

मीच पळाले. वसाहतीतली ती चाळ, शेवटचं घर. दार उघडं. उंबऱ्यातच मला लसणाच्या फोडणीचा ठसका लागला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. बाहेरच्या खोलीत पितळी डब्यांची उतरंड, गाठोडी, एक शिलाई मशीन, डाळीचं पोतं. आतून थाप थाप आवाज येत होता.

सुभेदार स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. अनवाणी. दोन्ही हातांत रिकामी ताटली धरून. दाराला कुलूप नव्हतं, पण ते आत गेले नव्हते.

"सुभेदार, अहो, किल्ली! सगळे थांबलेत. साहेब, शेतकरी, भोंगा होईल आता..."

त्यांनी मान वळवली. डावा हात कमरेला गेला, करदोडा सुटला. त्यात एकच किल्ली होती, मोठी. ती त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"तू उघड जा."

"मी?" माझा विश्वासच बसेना. "वहीत सही..."

"परवानगी माजी. जा पोरी."

एवढ्या आठ दिवसांत ते मला पहिल्यांदा पोरी म्हणाले. मी वळायला हवं होतं. पाय निघेना. सुभेदार पुन्हा दाराकडं वळले, घसा साफ केला, आणि ज्यांनी साहेबांना मोज्यांवर उभं केलं होतं ते सुभेदार म्हणाले, "आक्का, आत यिऊ का?"

"थांबा आबा," आतून आवाज आला. "तव्यावर भाकरी हाय. येवढी उतरू द्या."

सुभेदार थांबले. ताटली छातीशी धरली आणि नजर तव्यावर रोवली. तिकडं भोंगा सुरू झाला, लांबलचक, सगळ्या वसाहतीच्या पत्र्यांवरून. "सुभेदार, भोंगा झाला," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच रडका वाटला. त्यांनी तव्यावरची नजर न काढता एक बोट वर करून मला गप्प केलं.

"येवढी उतरू दे," ते म्हणाले.